वरचा पट्टा

आरएनएचे रेणू जेलवर लांबीनुसार वेगळे करून दाखवणाऱ्या नॉर्दर्न ब्लॉटची प्रतिमा समोर आली की बहुतेकांची नजर आधी खाली जाते. तिथे २२ न्यूक्लिओटाइडांच्या आसपास जनुकांना गप्प करणाऱ्या तयार मायक्रो-आरएनएचा गडद पट्टा असतो. मी आधी वर पाहते, ६० ते ७०च्या टप्प्यात. तिथला फिकट पट्टा म्हणजे अजून कापायचा राहिलेला पूर्वरेणू.

१९९३ साली व्हिक्टर अँब्रोस यांच्या प्रयोगशाळेला सूत्रकृमीत लिन-४ हा मायक्रो-आरएनए सापडला, तेव्हाही रेणू दोन होते, एक २२चा आणि एक ६१चा. पहिल्याची कीर्ती झाली; अँब्रोस आणि गॅरी रव्हकुन यांना २०२४चं नोबेलही मिळालं. मला दुसऱ्याचं कुतूहल अधिक.

जनुकावरून उतरलेला लांब आरएनए एका जागी स्वतःवरच दुमडतो. केंद्रकात ड्रोशा हे विकर, डीजीसीआर८च्या साथीनं, त्या दुमडीच्या बुडापासून साधारण ११ जोड्या मोजून काप घेतं. एका टोकाला दोन न्यूक्लिओटाइड सुटे राहतात. एक्स्पोर्टिन-५ हा तुकडा केंद्रकाबाहेर नेतं. बाहेर डायसर हे दुसरं विकर त्याचं कापलेलं टोक पकडून पुढे सुमारे २२ मोजतं आणि वरचा फास उडवतं. उरलेल्या दुपदरी तुकड्याची एक बाजू आर्गोनॉट हे प्रथिन ठेवून घेतं, दुसरी टाकून देतं. ड्रोशाचा काप एका न्यूक्लिओटाइडनं जरी सरकला, तरी लक्ष्य ओळखणारा दुसऱ्या ते आठव्या स्थानाचा भाग बदलू शकतो, आणि मग रेणू भलत्याच जनुकाला गप्प करतो. इतक्या बारीक मापाचं काम पेशी अखंड करत असते, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

आणि ती हे काम थांबवूही शकते. गर्भीय मूलपेशींत लेट-७ या मायक्रो-आरएनएचा मूळ लांब आरएनए असतो, तयार लेट-७ मात्र जवळपास नसतो. लिन-२८ हे प्रथिन मध्ये पडून कापणीच अडवतं. फक्त शेवटचा रेणू मोजणारा म्हणेल, जनुक बंद आहे. ते चालू असतं! मानवी पेशींत डायसर कमी केलं तेव्हा लेट-७चा पूर्वरेणू साचत गेलेला २००१ साली दिसला, तोही असाच ब्लॉटवर. तांबड्या रक्तपेशी घडायला मदत करणाऱ्या मिर-४५१चा पूर्वरेणू तर डायसरला पुरणार नाही इतका आखूड. त्याला आर्गोनॉट-२ स्वतःच कापतं.

आज लहान आरएनएचं सिक्वेन्सिंग पटकन होतं, आणि ते करावंच. पण त्यासाठी नमुना लांबीनुसार निवडताना वरचा पट्टा बहुधा गाळला जातो. ब्लॉटला आरएनए जास्त लागतो, वेळ जातो, किरणोत्सारी फॉस्फरस जपून हाताळावा लागतो. तरीही या क्षेत्रात नव्यानं येणाऱ्यांना माझं सांगणं आहे: तुमचा मायक्रो-आरएनए कमी झाला असं लिहिण्याआधी एकदा जेल चालवा, आणि वरचा पट्टा कापून टाकू नका.