उपकारस्तुतीचं भात

दिवाळीच्या सुमारास शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत दोन कामं एकाच वेळी चालतात. खळ्यावर भाताची झोडणी आणि कातकरी पाड्यांवर वीटभट्टीला जायची बांधाबांध. भट्टीमालकाकडून उचल आधीच घेतलेली असते. ती फेडायला माणसं भिवंडी-कल्याणकडे निघतात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. आमच्या मंडळीचा हंगामाचा सणही याच दिवसांत येतो. पाळक म्हणून मला तेव्हा कृतज्ञतेवर बोलायचं असतं, आणि समोरची कित्येक माणसं दुसऱ्या दिवशी ट्रकमध्ये चढणार असतात.

त्यांना मी काय सांगायचं? आहे त्यात समाधान माना? ही शिकवण भट्टीमालकाला फार सोयीची आहे. ख्रिस्ताच्या नावावर ती खपवली जाते याचं मला दुःख होतं, कारण बायबलमधलं समाधान असं मुकं नाही.

पौलाचंच पाहा. फिलिप्पै इथल्या मंडळीला त्याने पत्र लिहिलं ते कैदेतून. विपुलता असो की टंचाई, दोन्हींत तृप्त राहायला आपण शिकलो, असं तो त्यात सांगतो. हे पत्र आपण आवडीने वाचतो. पण त्याच फिलिप्पै शहरात पूर्वी काय घडलं ते प्रेषितांच्या कृत्यांत आहे. तिथे पौलाला आणि सीलाला चौकशीविना फटके मारून तुरुंगात टाकलं. पाय खोड्यात असताना, मध्यरात्री दोघं स्तोत्रं गात होते. सकाळी अधिकाऱ्यांनी गुपचूप सोडायचा निरोप धाडला, तेव्हा पौल हलला नाही. आम्ही रोमी नागरिक आहोत, ज्यांनी उघड्यावर मारलं त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावं, असं त्याने कळवलं. अधिकाऱ्यांना यावं लागलं. रात्री गाणारा आणि सकाळी जाब विचारणारा माणूस एकच. स्वतःच्या गरजा थोडक्यात भागवणं हे समाधान. अन्याय पचवणं हे समाधान नव्हे.

आमच्या मंडळीत वारली, ठाकूर, कातकरी घरांतली माणसं पुष्कळ. देवाला दिल्याशिवाय नवं खायचं नाही, ही रीत त्यांच्या आज्या पाळत आल्या. त्यामुळे अनुवादाच्या पुस्तकातला सव्विसावा अध्याय त्यांना समजावून सांगावा लागत नाही. पहिलं पीक टोपलीत घालून देवापुढे न्यायचं आणि ते ठेवताना बोलायचं: आमचा पूर्वज भटका होता, मिसरात आम्ही गुलाम होतो, देवाने आमचा आक्रोश ऐकला. भरल्या टोपलीपाशी उभं राहून गुलामी आठवायची! शिवाय त्या आनंदात परक्यालाही सामील करून घ्यायचं. हा अध्याय वाचला की म्हातारी माणसं सावकाराच्या वेठीच्या गोष्टी काढतात. वेठबिगारी बंद करणारा कायदा 1976चा, म्हणजे ही आठवण फार जुनी नाही.

उपासनेत साक्षी होतात. बैल बरा झाला, मुलीला आश्रमशाळेत प्रवेश मिळाला, असं लोक उभं राहून सांगतात. मला ते ऐकायला आवडतं. पण ज्या बाईचं मूल प्रार्थना करूनही वाचलं नाही, ती मागे गप्प बसलेली असते, म्हणून त्या दिवशी मी हबक्कूक वाचतोच. शेतं पिकली नाहीत, गोठ्यात गुरं उरली नाहीत, तरी देवाच्या ठायी आनंद करीन, असं म्हणणारा हा संदेष्टा आपल्या पुस्तकाच्या सुरुवातीला देवाशी कडकडून भांडलेला आहे. त्या बाईलाही भांडायची मुभा आहे.

मराठी माणसांत या कृतज्ञतेचं उदाहरण विचारलं तर मी पंडिता रमाबाईंचं नाव घेतो. 1870च्या दशकातल्या दुष्काळाच्या भटकंतीत त्यांचे आईवडील गेले, मोठी बहीण गेली. 1883 साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे 1896-97च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या. केडगावच्या मुक्ती सदनात शेती, विणकाम, छापखाना उभा राहिला. आपण वाचलो याचे आभार त्यांनी नुसत्या शब्दांत मानले नाहीत. देवाची दया त्यांना दुसऱ्या मुलींचं देणं वाटली.

आमच्याकडेही देणं आहे. मुंबईला पाणी पुरवणारी तानसा आणि भातसा ही धरणं शहापूर तालुक्यात, तानसा तर 1892पासून. आणि उन्हाळ्यात याच तालुक्यातले पाडे टँकरची वाट बघतात. पाण्यासाठी तहसील कचेरीवर जाणाऱ्या बायांसाठी, त्या निघण्याआधी, मी प्रार्थना करतो. कचेरीवर गेल्याने देवावरचा त्यांचा भरवसा कमी झालेला मी पाहिला नाही.

सणाच्या दिवशी ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची पदं टाळ-ढोलकीवर म्हणतो. भोपळे, काकड्या, नागली, कोंबडी असं दान येतं, त्याचा लिलाव होतो आणि एखादी काकडी बाजारापेक्षा कितीतरी महाग जाते. भात मात्र लिलावात काढत नाही. ते भट्टीवरून परतणाऱ्यांसाठी राखून ठेवतो, मग ते मंडळीतले असोत वा नसोत. निघण्यापूर्वी कोणी किती उचल घेतली, हे मंडळीतली शिकलेली मुलं ज्याच्या त्याच्या वहीत लिहून देतात, आणि हिशेबाच्या दिवशी ती वही घेऊन भट्टीवर सोबत जायला दोघं-तिघं तयार असतात. त्यांची नावं मी उपकारस्तुतीच्या प्रार्थनेतच घेतो.