उंब्रज : आधी सलामी, मग कुस्ती!

पुण्याहून कोल्हापूरला जाताना उंब्रज बहुतेक वेळा गाडीच्या काचेतूनच दिसतं. सातारा मागे पडलेलं असतं, कऱ्हाड अजून पंधरा-वीस किलोमीटर असतं, उसाच्या ट्रॉलीला ओव्हरटेक करेपर्यंत गाव गेलेलंसुद्धा असतं! पुढच्या वेळी जरा ब्रेक मारा राव. इथे तारळी नदी कृष्णेला मिळते. समर्थ रामदासांनी स्थापलेल्या अकरा मारुतींपैकी एक इथे आहे. मूर्ती दगडाची नाही, चुना, वाळू आणि तागाची. चाफळ, माजगाव, शिंगणवाडी, मसूर, शहापूर असे अकरातले बरेचसे मारुती याच टापूत आहेत. बाइक असेल तर झक्कास वीकेंड होतो.

आता मारुती आला की तालीम आली आणि तालीम आली की कुस्ती. देवळं तर बघाच, पण या पट्ट्यातली माझी फेवरिट गोष्ट म्हणजे जत्रेतला कुस्तीचा फड. त्यातही मोठ्या पैलवानांचा नाही, चिल्ल्यापिल्ल्यांचा.

बक्षीस काय? रेवड्या, नारळ, फार तर दहा-वीस रुपये. पण थाट बघा! आधी जाणती मंडळी जोड लावतात. दोन पोरं शेजारी उभी करायची, उंची बघायची, दंड चाचपायचे. एक जरा आडदांड वाटला की त्याला बाजूला काढून दुसरा शोधायचा. वजनकाटा नाही, बर्थ सर्टिफिकेट नाही, पण अख्खा गाव बघत असतो, त्यामुळे चीटिंगला फारसा स्कोप नाही. मग पोरगं माती कपाळाला लावतं, समोरच्याला सलामी देतं, मूठभर माती त्याच्या अंगावर टाकतं. मातीनं पकड नीट बसते, हा त्यातला प्रॅक्टिकल भाग. म्हणजे ज्याला पाडायचंय त्यालाच पकड मिळेल अशी सोय करून द्यायची! हलगी कडाडते, पोरं भिडतात, कुणीतरी चितपट होतं. जिंकलेला हात वर करून फडाला फेरी मारतो, हरलेल्याच्या पाठीवर कुणा अनोळखी आजोबांची थाप पडते. रडू आलं तरी त्याची टिंगल होत नाही.

हे बघताना मला आपल्या शहरातल्या टर्फवरच्या अंडर-टेन फुटबॉल मॅचेस आठवतात. बूट ब्रँडेड, जर्सीवर मेस्सी, गोल झाल्यावर रोनाल्डोसारखी उडी. मॅचआधी रांगेत हात मिळवणंही होतं, पण नजर भलतीकडेच. आणि जाळीबाहेरचे आईबाबा! ऑफसाइड म्हणजे काय हे धड माहीत नसतं, तरी रेफ्रीला शिव्या. तो रेफ्री बऱ्याचदा कॉलेजातला पोरगा असतो. वय चोरून मोठा मुलगा लहान गटात घुसवणं तर आपल्या फुटबॉलची जुनीच बिमारी. म्हणजे गेम सुरू होण्याआधीच जोड चुकलेली.

अर्थात फड म्हणजे काही संतांचा मेळा नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत निकालावरून चिडलेल्या मल्लाने पंचाला लाथ मारल्याचं सगळ्यांनी मोबाइलवर बघितलं. फायनलचा दुसरा मल्ल कुस्ती अर्धवट सोडून निघून गेला. दोघांवर तीन वर्षांची बंदी जाहीर झाली. पंचाचा निर्णय चुकला की बरोबर, यावर गावोगाव वाद झाले. माझ्या मते तो वाद वेगळा आणि लाथ वेगळी. तालमीतल्या बारक्या पोरांनीही तो व्हिडिओ बघितला, हे मला जास्त खुपतं.

अन्याय झाल्यावर काय करायचं, याचं दुसरं उदाहरण इथून अर्ध्या तासावर आहे. कऱ्हाडजवळचं गोळेश्वर, खाशाबा जाधवांचं गाव. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये एका दमवणाऱ्या लढतीनंतर त्यांना लगेच पुढच्या लढतीला उभं केलं गेलं. नियमानुसार मधे अर्ध्या तासाची विश्रांती हवी होती, पण त्यांच्या बाजूने बोलायला भारतीय अधिकारीच हजर नव्हता, असं सांगतात. खाशाबा लढले, हरले आणि ब्राँझ घेऊन आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक! त्यांचा जन्मदिवस, 15 जानेवारी, आता राज्य क्रीडा दिन असतो. गोळेश्वरच्या त्यांच्या घराचं नाव ‘ऑलिंपिक निवास’.

याच हायवेने आणखी दीडेक तास खाली गेलात की कोल्हापूर. तिथल्या फुटबॉल टीम्सची नावं बघा : पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम. फुटबॉल तालमीच्या अंगणातच वाढला. अनिकेत जाधव याच कोल्हापूरचा, 2017 चा अंडर-17 वर्ल्डकप खेळलेला. पण शाहू स्टेडियममध्ये पेठापेठांची खुन्नस कधी कधी इतकी पेटते, की प्रेक्षकांतल्या मारामारीमुळे सामने थांबवावे लागलेत. तालमीचं नाव जर्सीवर आलं, सलामी मात्र वाटेत कुठेतरी राहिली.

जायचंय? जत्रांचा सीझन होळीनंतर रंगात येतो. तारखा तिथीप्रमाणे बदलतात, त्यामुळे गावात आधी चौकशी करा. आणि दुपारीच पोचा. पोरांच्या कुस्त्या सगळ्यात आधी लागतात. उशीर केलात तर मोठ्या इनामाचे पैलवान तेवढे दिसतील, आणि रेवड्या संपलेल्या असतील.