आबांचा रिसीव्हर

आमच्या घरात एक वस्तू अशी आहे की, तिच्यावरून पाहुण्यांचे दोन तट पडतात. साठी उलटलेले पाहुणे तिच्याजवळ जातात, तिच्या रुपेरी कपाळावरून हलकेच बोट फिरवितात आणि म्हणतात, "अजून जपून ठेवलाय का हो हा?" तरुण पाहुणे मात्र लांबूनच विचारतात, "हे काय आहे?" ही वस्तू म्हणजे आबांचा स्टिरिओ रिसीव्हर.

आबा म्हणजे माझे वडील. माझे मामा कुवेतला नोकरीस होते. 1979 साली सुटीवर येताना त्यांनी हा रिसीव्हर आणला. रेडिओ आणि ध्वनिवर्धक एकाच पेटीत नांदत असले म्हणजे तिला रिसीव्हर म्हणतात. ही पेटी इतकी जड की, तिला माडीवरून खाली आणायचे तर दोघे लागत. दर्शनी भागावर काचेची लांब पट्टी. खटका दाबला की तिच्यामागे पिवळसर प्रकाश उजळे आणि त्या प्रकाशात रेडिओचा काटा संथपणे सरके. त्या काट्याने आम्ही सांगलीचे आकाशवाणी केंद्र गाठीत असू. हे केंद्र 1963 साली सुरू झाले आणि आमच्या कोल्हापूरच्या सकाळी त्याच्याच आवाजाने उजाडू लागल्या.

पण आबांचे खरे प्रेम रेडिओवर नव्हते, तबकड्यांवर होते. रिसीव्हरच्या शेजारी तबकडी फिरविणारे यंत्र असे. आबा हात धुऊन, पुसून मगच तबकडीला हात लावीत. आम्हा मुलांना तर तिच्या जवळपास खोकायचीही चोरी होती! रविवारी सकाळी ते केसरबाई केरकरांचे गाणे लावीत. केसरबाई गोव्यातल्या केरी गावच्या. पण आबा त्यांना कोल्हापूरच्याच समजत. कारण त्यांचे गुरू अल्लादियाखाँसाहेब हे शाहू महाराजांच्या दरबारचे गायक. खाँसाहेबांच्या स्वतःच्या गाण्याची तबकडी मात्र नाही. 1946 साली ते गेले आणि त्यांच्याबरोबर तो आवाजही गेला. आबा हे सांगताना नेहमी थांबत आणि मग म्हणत, "म्हणून शिष्यांच्या तबकड्या जपायच्या."

आबा 2011 साली वारले. तबकड्या आईने जपल्या. रविवारी सकाळी ती स्वतः सुई ठेवी. पुढे तिचा हात कापू लागला, तेव्हा ते काम मी करू लागलो.

मग 2019 सालचा ऑगस्ट महिना उजाडला. पंचगंगेला महापूर आला, जयंती नाल्याचे पाणी उलटे फिरले आणि शाहूपुरीतल्या आमच्या घरात कमरेइतके चढले. शेजारच्या कुंभारांच्या गणेशमूर्ती महिन्यावर आलेल्या चतुर्थीसाठी रंगून तयार होत्या. त्यांचे जे झाले ते पाहिल्यावर आपल्या घरातल्या नुकसानीबद्दल बोलण्याची लाज वाटावी. तरीही सांगतो. रिसीव्हर उंच फळीवर होता, तो वाचला. तबकड्या आणि त्या फिरविणारे यंत्र खालच्या कपाटात होते. आठवड्याने घरी परतलो तेव्हा यंत्राच्या पोटात गाळ भरला होता. पुठ्ठ्याची वेष्टने लगदा होऊन गेली होती. तबकड्या धुतल्या तर कदाचित काही वाचल्याही असत्या. पण मी घाईने त्या धुऊन गच्चीवर उन्हात वाळत घातल्या. उन्हाने त्या पापडासारख्या वाकल्या. पुराने जे केले नव्हते ते मी केले. आई मला एक शब्दही बोलली नाही, आणि ते मला अधिक लागले.

त्यानंतर रिसीव्हर मुका झाला. पुण्याहून धाकटा भाऊ फोनवर म्हणाला, "दादा, भंगारवाल्याला देऊन टाक. आईला एक छोटा ब्लूटूथ स्पीकर आणू." स्पीकर आला. डब्याएवढा होता. आईने एक गाणे ऐकले आणि म्हणाली, "चांगला आहे. पण गाणे डब्यातून आल्यासारखे वाटते." आणि ती रिसीव्हरवरची धूळ पुसू लागली.

एके दिवशी माझ्या मुलीने, ती तेव्हा सहावीत होती, मला सहज विचारले, "बाबा, फोनमधले गाणे या पेटीत घालता येत नाही का?" मी चौकशी केली. येत होते! त्यासाठी काड्यापेटीहून किंचित मोठी अशी एक डबी मिळते. फोन लहरींच्या रूपाने गाणे धाडतो, ही डबी ते झेलते, आकड्यांच्या रूपात आलेल्या त्या गाण्याचे पुन्हा विजेच्या हेलकाव्यांत रूपांतर करते आणि दोन तारांनी रिसीव्हरच्या हवाली करते. रिसीव्हरला त्या गाण्याचे मूळ ठाऊक नसते. तबकडीवरून आले काय, टेपवरून आले काय आणि हवेतून आले काय, आलेल्या आवाजाला मोठे करणे एवढेच त्याचे काम.

आम्ही डबी आणली. रिसीव्हर फिरवून त्याची पाठ समोर घेतली. तेथे तांबड्या-पांढऱ्या छिद्रांच्या जोड्या होत्या आणि प्रत्येक जोडीवर इंग्रजीत नाव होते. एक होते 'फोनो', एक 'ऑक्स' आणि एक 'टेप'. मला मोठा आनंद झाला. फोनमधले गाणे ऐकायचे तर 'फोनो' हेच छिद्र, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका उरली नाही. 1979 सालच्या पेटीला आजच्या फोनची वार्ता कशी असेल, हा साधा विचारही मला शिवला नाही. तारा खोचल्या. आईला समोर खुर्चीवर बसविले. केसरबाईंची भैरवी निवडली आणि कळ दाबली.

जो आवाज निघाला, त्याला गाणे म्हणण्याचे धाडस मला होत नाही. डोंगराचा कडा कोसळावा तसा तो घुमला आणि त्यात कोणी तरी पत्रा घाशीत होते. आईने कानांवर हात ठेवले. मी धावत जाऊन खटका बंद केला. मला वाटले, उरलेसुरलेही मी मोडले.

दुसऱ्या दिवशी आम्ही बापलेक रिसीव्हर रिक्षात घालून लक्ष्मीपुरीकडे निघालो. तेथे जुने रेडिओ दुरुस्त करणारे एक वृद्ध कारागीर बसतात. त्यांनी पेटीकडे पाहिले, चष्मा वर सारला, आणि मी सांगितलेली हकिगत ऐकून इतके हसले की, शेजारचे दुकानदार बाहेर आले.

"फोनो म्हंजे फोन न्हवं, साहेब," ते म्हणाले. "फोनो म्हंजे फोनोग्राफ. तबकडीची जागा हाय ती."

मग त्यांनी माझ्या मुलीला जवळ बसवून सारे समजावून सांगितले. मी शेजारी उभा राहून शिकून घेतले. तबकडीवर फिरणाऱ्या सुईतून निघणारी वीज फार क्षीण असते. व्होल्टच्या एक हजाराव्या भागाच्या चार-पाच पट, बस्स. शिवाय तबकडी कोरताना तिच्यातले खर्जाचे सूर मुद्दाम दाबून कोरतात, नाही तर खोबणी एवढ्या रुंद होतील की एका तबकडीवर फारसे गाणे मावणारच नाही. म्हणून 'फोनो' या दाराशी एक निराळी योजना असते. तेथे आलेला आवाज आधी कितीतरी पटींनी वाढविला जातो आणि त्यातला खर्ज फुगवून मूळ ठिकाणी आणला जातो. आमच्या डबीतून येणारी वीज मुळातच सुईच्या शेकडो पट जोरकस होती. कुजबुज ऐकण्यासाठी कान लावून बसलेल्या माणसाच्या कानात कोणी तुतारी फुंकावी, तसे आम्ही केले होते.

"'ऑक्स'मध्ये घाला नायतर 'टेप'मध्ये घाला," कारागीर म्हणाले. "आन् ह्ये भंगारात टाकू नगासा."

आवाज लहानमोठा करण्याच्या बटणात धूळ बसून खरखर होत होती. तिच्यावर त्यांनी एका नळकांड्यातून द्रव फवारला आणि बटण वीस-पंचवीस वेळा इकडून तिकडे फिरविले. पैसे विचारले तर एवढे थोडे सांगितले की, मला संकोच वाटला.

परतताना मुलीने विचारले, "ब्लूटूथ म्हणजे निळा दात ना? मग दाताचा आणि गाण्याचा काय संबंध?" संबंध आहे तो एका राजाचा. दहाव्या शतकात डेन्मार्कमध्ये हॅराल्ड नावाचा राजा होता आणि निळा दात हे त्याचे टोपणनाव. त्याने विखुरलेले लोक एका छत्राखाली आणले. 1997 च्या सुमारास निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे एकमेकांशी बोलती करण्याचा खटाटोप चालला होता, तेव्हा एका अभियंत्याने तात्पुरते म्हणून त्या राजाचे नाव सुचविले. तात्पुरते नाव कायमचे झाले. बारशाचे नाव मागे पडून लाडाचे नाव टिकते, तसे. त्याची खूणही त्या राजाच्या दोन आद्याक्षरांच्या प्राचीन लिपीतील आकृत्या एकत्र करून बनविलेली आहे.

या लहरींची युक्तीही गमतीची आहे. त्या एका वाटेने चालत नाहीत. 79 वाटांवरून त्या सेकंदाला 1600 वेळा उड्या मारतात, म्हणजे एखादी वाट दुसऱ्या कोणी अडविली तरी पुढची उडी मोकळ्या वाटेवर पडते. अशा उड्या मारीत संदेश धाडण्याची एक कल्पना हेडी लामार ही नटी आणि जॉर्ज अँथाइल हा संगीतकार यांनी 1942 साली पेटंट करून ठेविली होती. पियानोला पट्ट्या 88. त्यांच्या योजनेत वाटाही 88! युद्धासाठी योजिलेल्या यंत्रात पियानोच्या पट्ट्या शिरल्या, हे मला फार आवडते.

मात्र या लहरींना दूर जाता येत नाही. मोकळ्या जागेत दहा मीटर, मध्ये जाड भिंत आली की त्याहूनही कमी. आमच्या जुन्या घराच्या भिंती दीड हात रुंद आहेत. मी फोन खिशात घालून स्वयंपाकघरात गेलो की केसरबाई अडखळू लागत. त्याच केसरबाईंची भैरवी 1977 साली 'व्हॉयेजर' या दोन अवकाशयानांवरील सोनेरी तबकड्यांत घालून आकाशात पाठविण्यात आली. दुसरे यान 5 सप्टेंबरला उडाले आणि 16 सप्टेंबरला केसरबाई निवर्तल्या. ते यान आता इतके दूर आहे की, तेथून निघालेली बिनतारी लहर येथे पोहोचायला जवळजवळ एक दिवस लागतो. तिची हाक आपल्याला ऐकू येते. आणि आमच्या स्वयंपाकघरातून दिवाणखान्यात गाणे पोहोचत नाही!

त्या रविवारी मी फोन रिसीव्हरजवळच ठेवला. तारा 'टेप'च्या जागी खोचल्या. फोनवर कोणी मध्येच घंटा वाजवू नये म्हणून ती वाट बंद केली. आई येऊन आपल्या खुर्चीवर बसली. पिवळा दिवा उजळला. प्रथम तंबोरा आला आणि मग त्या दोन मोठ्या पेट्यांमधून, भिंतींना धरून, केसरबाईंचा तो भरदार, मोकळा स्वर आला. आईने डोळे मिटले. तिची बोटे खुर्चीच्या हातावर लयीत हलत होती. मी तिच्याकडे पाहत होतो. पण उन्हात वाळत घातलेल्या तबकड्या काही डोळ्यांपुढून हलेनात.

साडेतीन मिनिटांत गाणे संपले. खोलीत शांतता पसरली. आईने डोळे उघडले नाहीत. ती एवढेच म्हणाली, "आता दुसरी बाजू लाव. आणि हात धुतलेस ना रे?"

मी उठलो आणि मोरीकडे गेलो.