न गळलेली पानं

आपल्याकडे दिवाळी येते तेव्हा शिवारात भात कापणीला आलेलं असतं, बाजारात झेंडूचे ढीग लागलेले असतात. पानगळ यायची ती शिशिरात. आणि पिंपळ तर जुनी पानं टाकतो न टाकतो तोच तांबूस पालवीने भरून जातो. इथे मॅसॅच्युसेट्समध्ये मात्र आकाशकंदील लावायला बाहेर पडावं तर पायाखाली वाळक्या पानांचा खच. पुढचे पाच महिने फांद्या उघड्याच.

तीस वर्षं या ऋतूत आम्ही दोघं कॉंकर्डच्या वॉल्डन तळ्याभोवती फिरायला जात होतो. हेन्री डेव्हिड थोरो ४ जुलै १८४५ रोजी इथे स्वतः बांधलेल्या झोपडीत राहायला आला आणि दोन वर्षं, दोन महिने राहिला. झोपडी दहा बाय पंधरा फुटांची. आज त्या जागी दगडी खांब आहेत आणि शेजारी लोकांनी एकेक करून रचलेली दगडांची रास. यांना कौतुक वेगळ्याच गोष्टीचं. थोरोने दोरीला दगड बांधून तळ्याची खोली मोजली होती आणि ती १०२ फूट भरली होती, हे ते दर वर्षी नव्याने सांगायचे. इंजिनिअर ना!

दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये हे गेले. त्या ऑक्टोबरात मी एकटीच तळ्यावर गेले. मॅपल नेहमीसारखे लालभडक होते. पान आपोआप तुटून पडत नाही. देठाशी झाड एक पातळ थर तयार करतं, जखम बुजवतं आणि पान सोडतं. थोरोचा पानगळीच्या रंगांवरचा निबंध ऑक्टोबर १८६२ मध्ये 'अटलांटिक मंथली'त आला, तेव्हा क्षयाने त्याला जाऊन पाच महिने झाले होते. पानं किती सहज मातीत जातात, तसं जाणं माणसाला जमावं, असा त्याचा सूर. मनात आलं, जाणाऱ्याचं ठीक आहे. मागे राहिलेल्याने काय करायचं?

घरात यांचं कपाट तसंच होतं. लेक फोनवर हळूच विचारायची, "आई, बाबांचे कपडे देऊन टाकूया का गं?" मैत्रिणीही तेच सुचवायच्या. त्यांचं बरोबरच होतं. पण माझा हात कोटापर्यंत जायचा आणि परत यायचा.

तळ्यावर जाणं मी चालू ठेवलं. नोव्हेंबर संपेतो मॅपल रिकामे झाले. काठावरचे लहान ओक मात्र पानं धरून होते. तपकिरी, चुरगळलेली, वाऱ्यात खडखडणारी पानं. बर्फ पडलं तरी तिथेच. पुढे वाचनात आलं की ओक आणि बीच, विशेषतः कोवळ्या वयाचे, असंच करतात. त्यांचा देठाशी असलेला तो थर शरदात पुरा होतच नाही. वसंतात नवी कळी फुगू लागली की जुनं पान सुटतं.

एकाच जंगलात, एकाच थंडीत एक झाड लगेच सोडतं, दुसरं धरून ठेवतं. आणि दोघांच्याही फांद्यांवर पुढच्या वर्षाच्या कळ्या आधीपासूनच तयार असतात. त्या हिवाळ्यात मी कपाटाची चिंता करायची सोडून दिली. खूप दिवसांनी रात्रीची झोप लागू लागली.

मे महिन्यात ओकच्या फांद्यांवर पालवी फुटली, जुनी पानं खाली आली. मीच लेकीला म्हटलं, "ये, आज कपाट काढूया." कोट दिला, शर्ट दिले. लोकरीची टोपी ठेवून घेतली. आता थंडीत मीच घालते.

यंदा तुम्ही फॉल कलर्स बघायला जालच. रंग संपले, गर्दी ओसरली की डिसेंबरात पुन्हा एकदा जा. पानं धरून उभं असलेलं एखादं झाड नक्की दिसेल. त्याच्यापाशी जरा थांबा.