शेवटचे पाच टक्के

नोव्हेंबर लागला की मध्य आयोवात मका कापणं सोपं होत जातं आणि वाळवणं कठीण. धाटं पिवळी पडून खडखडीत झालेली असतात, पानं वाऱ्याने फाटून गेलेली असतात. एका फेरीत बारा ओळी घेणारं कंबाइन चाळीस एकरांचं रान जेवणाच्या वेळेपर्यंत मोकळं करतं. पण दाण्यातलं पाणी हटत नाही. सप्टेंबरच्या अखेरीस ऊन-वारा मिळून रोज जवळजवळ एक टक्का ओलावा उडवतात, ऑक्टोबरच्या मध्याला अर्धा. नोव्हेंबरात पाव टक्का गेला तरी पुष्कळ, आणि चार दिवस धुकं धरून राहिलं तर तेवढाही नाही. बाजाराला मका पंधरा टक्क्यांचा लागतो आणि शेतातला वीसवर अडून बसलेला असतो. मधले पाच टक्के उन्हाने काढायचे, गॅसने काढायचे की थंडीच्या भरवशावर तसेच ठेवायचे, आणि त्याचा खर्च कुणाच्या अंगावर पडायचा, एवढ्यावरच माझी नोकरी चालते.

मी इथल्या एका सहकारी एलेव्हेटरवर धान्याची प्रत तपासते आणि सुगीत रात्रपाळीला ड्रायर सांभाळते. एलेव्हेटर म्हणजे धान्याची उंच कोठारं. रहाटगाडग्यासारखी बादल्यांची माळ धान्य वर चढवते आणि तिथून ते हव्या त्या कोठारात सोडलं जातं. जोसेफ डार्टने 1842 मध्ये बफेलोच्या धक्क्यावर वाफेच्या इंजिनावर ही युक्ती चालवून दाखवली, त्याआधी जहाजातलं धान्य माणसं पाठीवर वाहत. इंजिनं बदलली, माळ तीच आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकताना हे सगळं पुस्तकात वाचलं होतं. पुस्तकात मक्याची लाल सालपटं नव्हती. दाण्याच्या बुडाशी असलेला हा पापुद्रा ड्रायरमधून उडतो आणि अंगणभर, गाड्यांच्या काचांवर, स्वेटरच्या विणीत, थेट चहाच्या मगात जाऊन बसतो. डिसेंबरात घर झाडताना तो माझ्या स्वयंपाकघरातही निघतो.

वीस टक्क्यांचा एक बुशेल, म्हणजे साधारण 25 किलो मका, पंधरावर आणायचा तर त्यातून सुमारे दीड किलो पाणी काढावं लागतं. इथे चांगल्या रानात एकरी 200 बुशेल होतात, म्हणजे आपल्या हिशेबाने 50 क्विंटल. त्यामुळे एकरी 300 लिटर पाणी केवळ वाफ करून हवेत सोडायचं. एका बुशेलमधला एक टक्का उतरवायला गॅलनच्या पन्नासाव्या भागाएवढा प्रोपेन जळतो, असा आमचा ठोकताळा आहे. त्या हिशेबाने एकरी वीस गॅलन, पाऊणशे लिटर. शेतकरी मका आमच्याकडे ओला आणतो तेव्हा हा गॅस आम्ही जाळतो आणि पावतीत वाळवणीचे पैसे कापतो. शिवाय घट वेगळी. पाणी गेल्यावर वजन कमी होणारच, पण घटीचा दर निव्वळ पाण्याच्या हिशेबापेक्षा थोडा चढा असतो, कारण धूळ-भुसाही जातो. नेमक्या या ‘थोड्या’वरच खिडकीशी आवाज चढतात.

हे आवाज माझ्या ओळखीचे आहेत. लातूरच्या मोंढ्यात आमच्या आबांसोबत सोयाबीनचे कट्टे घेऊन बसलेली मी. अडत्या राशीत कोपरापर्यंत हात घालायचा, मूठभर दाणे वर काढून पुन्हा राशीवर सोडायचा आणि पडताना कसे वाजतात ते ऐकायचा. मग एक दाणा दाताखाली. कट्कन फुटला तर एक भाव, चेपला तर दुसरा. पुढे मीटर आले, वाद तसाच राहिला. 2024 च्या हंगामात केंद्र सरकारने हमीभावाच्या खरेदीसाठी सोयाबीनच्या ओलाव्याची मर्यादा 12 वरून 15 टक्क्यांवर नेली. परतीच्या पावसात बनीम भिजलेल्या माणसाला त्या तीन टक्क्यांचा अर्थ समजावून सांगावा लागला नसेल. आयोवातल्या सोयाबीनचं दुखणं बरेचदा उलटं असतं. इथे 13 टक्क्यांचा भाव मिळतो, पण ऑक्टोबरातल्या कोरड्या दुपारी दाणा नऊवर उतरतो, शेंगा कंबाइनच्या पात्याला लागताच तडकतात आणि वजन कमी भरतं ते वेगळंच. जास्त वाळवल्याचे पैसे कुणी देत नाही. म्हणून जाणते लोक सोयाबीन दव सुकता सुकता धरतात आणि दुपार फार तापली तर मक्याकडे वळतात.

मीटर दर्शवतो तो आकडा खरा असतो, पण त्या क्षणापुरता. ड्रायरमधून नुकताच निघालेला दाणा बाहेरून कोरडा आणि आतून ओला असतो. मीटरला बाहेरचं आधी दिसतं. रात्री पंधरा म्हणून कोठारात गेलेला मका सकाळी साडेपंधरा निघतो, कधी सोळा, कारण आतलं पाणी सावकाश बाहेर येतं. गारठलेल्या ट्रकमधून आलेला दाणा उबदार खोलीत आणला की त्याला दव सुटतं आणि मग मीटर भलतंच काही सांगतो. नमुना डब्यात झाकून खोलीच्या तापमानाला येऊ द्यावा हे खरं, पण बाहेर रांगेत डझनभर ट्रक धूर सोडत उभे असताना एवढा धीर धरायला निबर कातडी लागते. मी धरते. दाताखाली दाणा मीही घालते, कुणी पाहत नसताना. उष्णतेचंही तसंच. आच वाढवली की रांग झपाझप सरते, पण दाण्यात बारीक भेगा पडतात. पुढे प्रत्येक बादलीत, प्रत्येक पडण्यात तो फुटत जातो, चुरा कोठाराच्या मधोमध साचतो आणि नेमकी तिथूनच हवा वर चढायची थांबते. घाईत वाळवलेला मका जूनमध्ये हिशेब मागतो.

2019 साली सगळंच उशिरा झालं. वसंतात पाऊस हटला नाही, पेरण्या जूनपर्यंत लांबल्या, लाखो एकर तर पेरलेच गेले नाहीत. उशिरा पेरलेला मका उशिरा पिकला आणि ओला कापावा लागला, आणि संपूर्ण मिडवेस्टला एकाच पंधरवड्यात प्रोपेन हवा झाला. गॅस देशात मुबलक होता. तो इथवर आणायच्या वाटा अरुंद पडल्या. टँकरचे चालक भरणा-केंद्रांवर तासन्‌तास रांगेत थांबत. राज्यांनी चालकांच्या कामाच्या तासांवरची बंधनं तात्पुरती सैल केली. आमचा ड्रायर टाकीतला काटा बघून चालू-बंद व्हायचा. त्या थंडीत उत्तर डाकोटात नोव्हेंबर सरला तरी निम्म्याहून जास्त मका उभाच होता. पुष्कळांनी तो बर्फातच ठेवला आणि वसंतात कापला. हरणांनी खाल्ला, वाऱ्याने पाडला, तरी उरलेला वाळवायला गॅस लागला नाही. आळशीपणा नव्हता तो, हिशेब होता, आणि कित्येकांचा बरोबर निघाला.

वाट पाहण्याची किंमत मात्र धाटावर ठरते. बुडखा कुजला असेल तर धाट कंबरेपाशी धरून जरा ढकललं की आडवं होतं. दहातलं एकही असं पडलं तर ते रान आधी कापायचं, मग ओलावा कितीही असो. कापणीनंतर कंबाइनच्या मागे चालत जाऊन दाणे मोजायची इथे रीत आहे. चौरस फुटात मक्याचे दोन दाणे पडले असतील तर एकरी एक बुशेल मातीत गेला. सोयाबीनचे चार दाणे म्हणजे तेवढंच. गुडघ्यावर बसून दाणे मोजणारा माणूस कोट्यवधी रुपयांच्या यंत्राच्या मागे विचित्र दिसतो खरा, पण हे यंत्र कसं चालवलं याची याहून चांगली परीक्षा मला माहीत नाही. 10 ऑगस्ट 2020 च्या डेरेचो वादळाने आयोवातली लाखो एकर मक्याची रानं झोपवली, ताशी दोनशे किलोमीटरच्या वर वारे गेले आणि पत्र्याची कोठारं चुरगळली. त्या शरदात कंबाइन एकाच दिशेने चालवावं लागे, धाटं ज्या बाजूला कलली त्याच्या उलट. परतीची फेरी रिकामी.

आबांना फोनवर यातलं सगळ्यात जास्त काय आवडतं, तर अमेरिकेच्या कृषी खात्याचा दर सोमवारचा अहवाल. एप्रिलपासून नोव्हेंबरपर्यंत तो निघतो. कोणत्या राज्यात किती टक्के काढणी झाली ते त्यात असतंच, शिवाय वरच्या मातीत ओल किती ते असतं आणि गेल्या आठवड्यात शेतात काम करण्याजोगे दिवस किती मिळाले तेही.

“वाफशाचे दिस मोजतंय व्हय सरकार?” आबा म्हणाले.

मोजतं. आणि नोव्हेंबरात ते घटत जातात. इथली मातीही काळीच, पण लातूरची काळी बेसॉल्टमधून आली, इथली हिमनद्यांनी पसरलेल्या गाळावर हजारो वर्षं वाढलेल्या गवताच्या मुळांतून. सपाट, खोल, आणि चिबड. जमिनीखाली निचऱ्याच्या नळ्या पुरल्या नसत्या तर यातलं पुष्कळ रान दलदलच राहिलं असतं. हजार बुशेलची धान्यगाडी भरली की नुसतं धान्य पंचवीस टन होतं. ते ओल्या मातीवरून गेलं की खाली जी दाबली जाते ती माती नांगराला सापडत नाही, पुढची काही वर्षं मुळांना मात्र सापडते. मग लोक पहाटे चारला निघतात, रात्रीच्या गारठ्याने वरचे दोन-तीन इंच गोठलेले असताना. सकाळी दहाच्या सुमारास ऊन लागून चिखल सुटू लागला की थांबतात. उरलेला दिवस ट्रक आमच्याकडे.

घाईत ओला भरलेला मका कोठारात तापतो, बुरशी धरतो, वर पापुद्रा जमतो. खालून ओगरने, म्हणजे फिरत्या मळसूत्राने, धान्य ओढलं की पापुद्र्याखाली पोकळी होते. वर उभा असलेला माणूस त्यात जातो आणि कमरेपर्यंत रुतायला काही सेकंद पुरतात. परड्यू विद्यापीठ अशा अपघातांच्या अनेक दशकांच्या नोंदी ठेवतं, त्यात सर्वांत वाईट वर्ष 2010 आहे. आधीची, 2009 ची, सुगी अतिशय ओली आणि लांबलेली होती, हे त्या आकड्याचं अर्धंअधिक स्पष्टीकरण. गावातल्या अग्निशमन दलात बहुतेक शेतकरीच असतात. आम्ही दर वर्षी त्यांच्यासोबत रुतलेल्या माणसाभोवती घालायच्या बचावाच्या पत्र्यांचा सराव करतो. ओल्या मक्याचा धोका आम्ही घटीच्या दरात धरत नाही. धरावा, असं माझं मत आहे, आणि ते मी दर वर्षीच्या सभेत मांडते. अजून कुणी मनावर घेतलेलं नाही.

सोमवारच्या अहवालात काढणीचे पंच्याण्णव टक्के आले की बातमी संपते. यंदा त्यानंतरच्या आठवड्यात नदीकाठच्या सखल रानातला मका घेऊन एक म्हातारे शेतकरी आले. मीटरवर साडेसतरा.

“उरलेला वाळवू नका,” मी म्हणाले. “तुमच्या कोठारात घाला आणि रात्रीचे पंखे चालवून शून्याच्या आसपास गार करा. मार्चआधी इथेनॉलच्या कारखान्याला विकून मोकळे व्हा.”

“आणि मार्चमध्ये भाव वाढला तर?”

“तर वाढू द्या. एप्रिलच्या उन्हात हा मका ठेवू नका.”

त्यांनी घटीचा आकडा दोनदा वाचला, पावती टोपीत खोचली आणि रानाला खताचा अमोनिया द्यायचाय, जमीन पुरेशी थंड झाली का, म्हणून विचारलं. दहा अंशांखाली कधीच गेलीय, म्हटलं, पण टाक्या सगळ्या बाहेर गेल्यात. उद्या दुपारी या, वरचा थर सुटला की फाळही आत जाईल.