विचारायची लाज

आमचा तालुका पारनेर, म्हणजे राळेगणसिद्धीचा. माहिती अधिकारासाठी अण्णा हजारे 2003 मध्ये आझाद मैदानावर उपोषणाला बसले, 2005 मध्ये देशाचा कायदा झाला, आणि आमच्याकडची साधी माणसंही कचेरीला लेखी जाब विचारू लागली. मीही शेजाऱ्यापाजाऱ्यांचे अर्ज लिहून द्यायचो. तीस दिवसांत माहिती मिळाली नाही तर कलम 19 खाली अपील, हे मला तोंडपाठ.

स्वतःच्या नोकरीचं मात्र वेगळं होतं. सुप्याच्या एमआयडीसीत एका कंपनीत मुलाखत दिली. ‘कळवतो’ म्हणाले, पण कळवलं नाही. मेल करून विचारणं मला लाचारीचं वाटायचं. पुढाऱ्याची चिठ्ठी घेऊन खेटे घालणारे मी पाहिले होते. दोन ओळींचा मेलही मी त्यातच जमा केला. असे मेल पाठवणाऱ्या मित्राला ‘चिकट’ म्हणून हिणवलंसुद्धा.

एकदा चुलत्यांच्या, म्हणजे नानांच्या, फेरफाराचं अपील लिहीत होतो. नानांनी सहज विचारलं, “तुझ्या नोकरीचं काय झालं रे?”

“काही कळवलं नाही त्यांनी.”

“मग तू विचारलंस का?”

“बरं दिसत नाही, नाना.”

“माझ्यासाठी तलाठ्याला विचारताना बरं दिसतं होय?”

नाना हसले. मला हसू आलं नाही. नानांच्या अर्जाला नकार आला, तर दोष कचेरीचा. माझ्या अर्जाला आला, तर कमी मी पडलो. एवढंच होतं सगळं. स्वाभिमान म्हणून मी मिरवत होतो ती निव्वळ भीती होती, आणि तिच्यापायी मी मित्राचा अपमान केला होता. शिवाय खासगी कंपनीला ना तीस दिवसांची मुदत, ना वर अपील. तिथं तर विचारण्यावाचून हातात दुसरं काही नाही.

त्याच रात्री मेल लिहिला: पदाचं नाव, मुलाखतीची तारीख, निर्णय झाला आहे का, माझा फोन नंबर. गयावया नाही, तक्रारही नाही. उत्तर आलं, जागा भरली होती. वाईट वाटलं. पण त्या एका आशेवर मी दुसरीकडे अर्जच केले नव्हते, ते सुरू झाले.

मुलाखतीनंतर आठवडा-दहा दिवस थांबा, मग सरळ विचारा. उत्तर नाही आलं तर आणखी एकदा, आणि मग सोडून द्या. विचारणाऱ्याला नोकरी मिळेलच असं नाही, पण तो अडकून पडत नाही.