सुनेच्या फोटोंचा लोगो



गेले चार महिने आमच्या घरात लोगो सोडून दुसरा विषय नव्हता. भाजीला काय करायचं यावर सुद्धा एवढी चर्चा झाली नाही.

झालं असं, की आमच्या सुनेने नोकरी सोडून घरूनच फोटोग्राफी सुरू केली. तान्ह्या बाळांचे, डोहाळजेवणाचे, बारशाचे फोटो. दशलक्षणात उपवास केलेल्या बायकांचे पारण्याच्या दिवशीचे फोटोही तिने काढले, आणि तिथूनच तिचं नाव तोंडोतोंडी झालं. कॅमेरा तिचा, मेहनत तिची. हिशेबाची वही मात्र माझ्याकडे. बी.कॉम. झाल्यापासून माझं सगळं ज्ञान दूधवाल्याच्या आणि किराणाच्या हिशेबातच चाललं होतं, आता कुठे जमा-खर्च, घसारा असले शब्द परत तोंडात आले.

ती म्हणाली, "आई, आता एक लोगो हवा. फोटोच्या कोपऱ्यात टाकायला, कार्डावर, पावतीवर."

मी लगेच म्हणाले, "त्यात काय शोधायचं? आपलं जैन प्रतीक टाकायचं."

तुम्हाला माहीतच आहे ते प्रतीक. महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाच्या वेळी, १९७४-७५ साली, सगळ्या पंथांनी मिळून ते स्वीकारलं. मी तेव्हा शाळेत होते. लोकाकाशाचा आकार, त्यात वर सिद्धशिला, तीन ठिपके, स्वस्तिक आणि खाली अहिंसेचा हात. आमच्या माहेरच्या दुकानाच्या पाटीवर ते वडिलांनी हौसेने रंगवून घेतलं होतं. धंद्यावर देवाचा हात असावा, एवढाच माझा साधा विचार.

सून काही बोलली नाही. एवढंच म्हणाली, "आई, कार्ड कुठेही पडतं हो." मला ते नव्या पिढीचं निमित्त वाटलं. मी हट्टच धरला. तिने माझं मन राखलं आणि पाचशे कार्डं छापून आणली, प्रतीक वर, नाव खाली.

पंधरा दिवसांनी मिरजेला लांबच्या नात्यात बारसं होतं. फोटोचं काम तिच्याकडेच, म्हणून तिने दाराजवळच्या टेबलावर कार्डांचा गठ्ठा ठेवला होता. लोकांनी भराभर घेतली, मला मोठं समाधान वाटलं. जेवण झाल्यावर हात धुवायला गेले. बेसिनखाली ओल्या फरशीवर एक कार्ड पडलं होतं. त्यावर कुणाच्या तरी चपलेचा ठसा, बरोबर त्या हातावर उमटलेला. बाजूच्या बादलीत खरकट्या पत्रावळीत आणखी दोन-तीन दिसली. लोकांचा तरी काय दोष? धंद्याचं कार्ड म्हणून घेतलं, नको म्हणून टाकलं. आपणही तेच करतो.

मी ती उचलली, पदराने पुसली आणि पर्समध्ये ठेवली. घरी येईपर्यंत माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. सुनेने ओळखलं असणार, कारण तीही काही बोलली नाही. "मी सांगितलं होतं" हे तीन शब्द तिने तेव्हाही उच्चारले नाहीत आणि आजतागायत उच्चारलेले नाहीत. मला खरं तर तेच जास्त लागलं.

उरलेल्या कार्डांचं काय करायचं हा पुढचा प्रश्न. रद्दीत देता येत नाहीत. पाण्यात सोडायची तर आपल्यात पाण्यातही जीव मानतो. जाळायला हात धजत नाही. तुमच्याही कपाटात असा डबा असेलच, लग्नपत्रिकांवरच्या भगवंतांच्या चित्रांचा. आमच्या डब्यात आता चारशेच्या वर कार्डांची भर पडली आहे.

तेव्हा मी पुन्हा जुन्या सवयीने कायदा वाचायला बसले. १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यात कलम ९ मध्ये स्पष्ट आहे, की कुठल्याही समाजाच्या धार्मिक भावना दुखावतील असा मजकूर असलेलं चिन्ह नोंदवता येत नाही. आमचा दुखावण्याचा हेतू थोडाच होता? पण वाचून मी विचारात पडले. शिवाय जे प्रतीक सगळ्या समाजाचं, ते एका घराच्या धंद्याची खूण कसं होणार? समोरच्या गल्लीतल्या जैन वाण्यानेही तेच लावलं तर फोटो कुणाचे आणि डाळ कुणाची, हे कळायचं कसं?

मग भाच्याने सुचवलं, एका वेबसाइटवर तयार लोगो मिळतात. कॅमेऱ्याच्या पाकळ्यांचं गोल चिन्ह, मधे सुनेच्या नावाचं अक्षर. दिसायला छान. पैसे भरले, आणि आठवड्यात तिच्या मैत्रिणीने दुसऱ्या गावच्या एका स्टुडिओची पाटी पाठवली. तेच चिन्ह, फक्त अक्षर वेगळं. तयार मिळणारं चित्र आपल्या एकटीलाच विकलेलं नसतं, हे आम्हाला पैसे गेल्यावर उमगलं. वहीत मी ते "शिकवणी" या सदराखाली लिहिलं आहे.

सून हिरमुसली. मीही. त्या दिवशी संध्याकाळी बस्तीत गेले, दर्शन घेतलं आणि नेहमीप्रमाणे मूर्तींच्या पायाशी नजर गेली. मैत्रिणींनो, इतकी वर्षं बघतोय, पण मला हे त्या दिवशी जाणवलं. चोवीस तीर्थंकर, बहुतेक सगळ्यांची मुद्रा तीच, ध्यान तेच. पार्श्वनाथांच्या डोक्यावरचा फणा सोडला तर आपण कुणाला कशावरून ओळखतो? खाली पीठावर कोरलेल्या लांछनावरून. वृषभ दिसला की आदिनाथ, शंख दिसला की नेमिनाथ, कासव दिसलं की मुनिसुव्रतनाथ, सिंह म्हणजे महावीर. बोटभर आकृती, तीही पायाशी. ती भगवंतांचं वर्णन करत नाही की स्तुती करत नाही. फक्त कोण आहेत ते सांगते. (आणि गंमत बघा, बाहेरच्या मराठीत लांछन म्हणजे डाग!)

घरी येऊन सुनेला म्हणाले, "लोगोत कॅमेरा कशाला हवा? फोटो खाली फोटोच आहे, तो कॅमेऱ्यानेच काढला हे सगळ्यांना दिसतंय. तुझी खूण कुठली, ते बघ."

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आई, आपली माजघराची खिडकी."

आमचं घर सांगलीच्या गावभागातलं जुनं. माजघराची खिडकी उत्तरेची, वर कमान, खाली लाकडी चौकट, लोखंडी गज. तिथे दिवसभर ऊन थेट येत नाही, मऊ, एकसारखा उजेड असतो. बाळाच्या डोळ्यांवर तिरीप येत नाही. सुनेने पहिले सगळे फोटो त्या खिडकीपाशी, माझी जुनी दुलई अंथरून काढले. मी त्याच खिडकीत चाळीस वर्षं गहू-तांदूळ निवडले. मला ती उजेडाची जागा म्हणून ठाऊक होती, लोगो म्हणून कधी सुचली नसती.

आमच्याच गल्लीतल्या, कलेचं शिकणाऱ्या एका मुलीकडून ती काढून घेतली. अडीच हजार ठरले. "चित्राचे सर्व हक्क यांना दिले" असं मी तिच्याकडून कागदावर लिहून, सही घेऊन ठेवलं. रेव्हेन्यू तिकीटही लावलं. पाच हजारांच्या आतल्या पावतीला ते लागत नाही, पण मला त्याशिवाय पावती पावती वाटत नाही. सून हसत होती, हसू दे.

पहिलं चित्र हुबेहूब आलं, खिडकीसारखी खिडकी. पण व्हॉट्सअॅपच्या गोल फोटोत कमानीचे कोपरे कापले गेले. फोटोच्या कोपऱ्यात लहान करून टाकलं तर सातही गज एकमेकांना चिकटून काळा ठोकळा झाला. रबरी शिक्क्यावर तर शाईचा डागच उमटला. मग एकेक गोष्ट काढत गेलो. कडी गेली, चौकटीची नक्षी गेली, सावली गेली. एकाच रंगात छापता येईल, काळ्यावर पांढरं आणि पांढऱ्यावर काळं दोन्ही चालेल, आणि नखाएवढं केलं तरी खिडकीच दिसेल, इतकंच ठेवायचं ठरलं. फ्लेक्सवाल्यासाठी मोठं केलं तरी न फाटणारी मूळ फाइलही मुलीकडून मागून घ्या, हे मात्र तुमच्यापैकी कुणाच्या घरात असं काही चाललं असेल तर विसरू नका. आम्हाला त्यासाठी दोनदा फेरी पडली.

शेवटी राहिली एक कमान, एक चौकट आणि तीन गज. ट्रेडमार्कचा अर्ज सुनेच्याच नावाने केला. एकट्या माणसाला ऑनलाइन साडेचार हजार फी आहे, नोंदणी झाली की दहा वर्षं बघायला नको.

गेल्या रविवारी नवी कार्डं आली. मी एक हातात घेऊन बराच वेळ बघत बसले. तीन गज. दर्शन, ज्ञान, चारित्र. कुणी ठरवून काढलेले नाहीत, शिक्क्यावर शाई पसरू नये म्हणून उरलेले आहेत. मी कुणाला काही बोलले नाही.

जेवताना ह्यांनी कार्ड उलटसुलट केलं आणि म्हणाले, "अगं, आपल्या खिडकीला तर सात गज आहेत."

सून म्हणाली, "सात बसत नव्हते, अण्णा."

मी त्यांच्या ताटात आमटी वाढली.